आरोग्याची पाहणी आणि आपला वाटा
(संशोधनात लोकांची भागीदारी म्हणजे काय?)



ऊस काट्यावर आला की आपण काय करतो? गाडीवाल्यावर कितीही विश्वास असो, जमेल तेव्हा स्वतः काट्यापाशी जाऊन उभे राहतो. भरल्या गाडीचे वजन बघतो, रिकाम्या गाडीचे बघतो, पावती खिशात घालतो आणि मगच घरची वाट धरतो. काट्यावरचा माणूस लबाड आहे असे आपल्याला म्हणायचे नसते. माल आपला आहे, त्याचे माप आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, एवढाच त्यातला अर्थ. सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली तीही याच विचारावर. ऊस आपला, भाग आपला, तेव्हा हिशेबही आपल्यापुढे मांडला गेला पाहिजे.

पण हाच शेतकरी शरीराच्या मापाच्या वेळी मात्र गप्प असतो. गावात आरोग्याची पाहणी येते. दोन-चार माणसे जीपमधून उतरतात, फॉर्म भरून घेतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, वजन-उंची लिहितात आणि निघून जातात. रक्तात काय निघाले? त्या फॉर्मचे पुढे काय झाले? विचारायचे कुणाला तेच ठाऊक नसते. माती परीक्षणाला दिलेल्या नमुन्याचा अहवाल आला नाही, तर आपण शेतकी खात्याच्या ऑफिसात चार हेलपाटे घालतो. रक्ताच्या नमुन्याबद्दल मात्र एकही हेलपाटा होत नाही!

प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. आरोग्याचे आणि समाजाच्या देखभालीचे जे संशोधन चालते त्यात ज्यांच्यावर ते होते त्या माणसांना भागीदार करून घ्यावे, असा विचार जगभर पुढे आला आहे. आपल्या महाराष्ट्रात तो कुठे आणि कसा रुजला, त्याचा उपयोग काय झाला आणि साखर कारखान्याच्या सभासदाचा त्याच्याशी काय संबंध, हे थोडक्यात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

भागीदारी कशाला म्हणायचे?

भागीदारी म्हटली की पुष्कळांना वाटते, लोकांना सभेला बोलावले, चहा दिला, सह्या घेतल्या, झाली भागीदारी. तसे नव्हे. संशोधनाचे साधारण पाच टप्पे असतात. पहिला, प्रश्न ठरवणे. दुसरा, तो कसा विचारायचा हे ठरवणे. तिसरा, संमती घेणे. चौथा, मोजणी करणे. पाचवा, निकाल लोकांपुढे मांडून त्यावर काही करणे. बहुतेक ठिकाणी लोकांना फक्त तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर आठवतात, आणि तेही सही करायला नि रक्त द्यायला. पहिला आणि पाचवा टप्पा साहेबलोकांकडेच राहतो. खरी भागीदारी ओळखायची असेल तर या दोन टप्प्यांवर नजर ठेवावी. प्रश्न कुणी ठरवला, आणि उत्तर कुणाला कळले?

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग हा फरक तीन शब्दांत समजावून देतात. संशोधन लोकांवर होऊ शकते, लोकांसाठी होऊ शकते, किंवा लोकांसोबत होऊ शकते. त्यांनी हा फरक कामातूनच जाणला. तिकडे आपण पुढे येऊच. आधी कोकणपट्टीत उतरू.

वसई-विरारकडे कशाला बघायचे?

कुणी म्हणेल, वसई-विरारला ना साखर कारखाना ना उसाचे फड. तिकडे आपले काय काम? तर ऊस तिथे अगदीच नव्हता असे नाही. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये वसईच्या बागायतीत केळी आणि पानवेलीबरोबर उसाचीही नोंद आहे. शिवाय आपल्या घाटावरच्या कितीतरी घरांतली मुले आज नालासोपारा-विरारला बिऱ्हाड करून राहिलेली आहेत. परंतु मुख्य कारण वेगळेच आहे. तिथल्या वीटभट्ट्यांवर जी माणसे येतात ती आपल्या फडात येणाऱ्या माणसांसारखीच असतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगरी भागातली आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर खाली उतरतात, भट्टीजवळ झोपडी घालतात आणि पावसाच्या तोंडाला परत जातात. आपल्याकडे मुकादम उचल देतो, तिकडे भट्टीमालक बयाना देतो. नाव निराळे, गाठ तीच.

अशा माणसाची खरी हकिगत कळणे किती अवघड असते, याचा धडा वसई तालुक्याने फार पूर्वी दिला आहे. लग्नासाठी पाच-पन्नास रुपयांचे कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबायचे, अशा माणसाला त्या भागात ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. कागदावर वेठबिगार उरला नाही, पाड्यावर मात्र उरला. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर काम सुरू केले आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्या कामाचा गाभा असा, की वेठ कुणावर आहे हे मालकाला विचारून कळत नाही. ज्याच्या मानेवर जू आहे त्यानेच पुढे येऊन सांगावे लागते, आणि त्याने सांगावे यासाठी त्याच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे लागते. या कामाची दखल लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने १९९९ साली पुरस्कार देऊन घेतली. आरोग्याच्या पाहणीलाही हाच नियम लागू आहे.

हिरवा, पिवळा, लाल

आता आरोग्याकडे येऊ. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. सरकारी दवाखान्यावर लोकांनीच देखरेख करावी, अशी तरतूद त्यात होती. २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला. अमरावती, नंदुरबार, पुणे, तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव, आणि ठाणे. त्या वेळी पालघर जिल्हा झाला नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. म्हणजे वसईपासून जव्हारपर्यंतचा सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यभरचा मेळ घालण्याचे काम होते. पाच जिल्हे, प्रत्येकी तीन तालुके, तालुक्यागणिक तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि केंद्रागणिक पाच गावे, अशी एकूण २२५ गावे पहिल्या खेपेला घेतली होती.

पद्धत अगदी साधी. गावच्या समितीने बसून विचारायचे: नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का? दवाखान्यात औषध मिळते की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? बाळंतीण गेली तर गाडी मिळते का? सरकारी मदतीचे पैसे हातात पडले का? प्रत्येक सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो. मग हे रंगीत तक्ते जनसुनवाईत मांडायचे. समोर डॉक्टर, तालुक्याचे अधिकारी, गावकरी आणि चार प्रतिष्ठित नागरिक. अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे.

परिणाम काय झाला? पहिल्या फेरीत ४८ टक्के सेवांना ‘चांगली’ असा शेरा मिळाला होता. दुसऱ्या फेरीत तो आकडा ६१ वर गेला आणि तिसऱ्या फेरीत ६६ वर. नवे दवाखाने बांधले म्हणून हा फरक पडला नाही. ज्यांना औषध मिळत नव्हते तेच मोजायला बसले, आणि मोजलेले चारचौघांत वाचले गेले. याला कुणी मोठे शास्त्र म्हणणार नाही. पण संशोधनाचे पाचही टप्पे यात लोकांच्या हाती होते हे ध्यानात घ्यावे.

यात एक उणीव मात्र राहते आणि ती आपल्या कामाची आहे. गावची समिती गावात राहणाऱ्यांची असते. जव्हारचे कुटुंब सहा महिने भट्टीवर असेल तर त्याचा आवाज कुठल्या समितीत जायचा? गावी मोजणी होते तेव्हा ते भट्टीवर असते, आणि भट्टीजवळच्या गावात त्याचे नाव नसते. वसई-विरारला तर २००९ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती १२ लाखांवर गेली. शहरी वस्त्यांसाठी २०१३ पासूनच्या शहरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समित्यांची योजना आहे, पन्नास-शंभर घरांमागे एक. पण हंगामापुरत्या आलेल्या माणसाला धड गाव नसते आणि धड वॉर्डही नसतो. दोन्हीकडच्या वहीत तो गैरहजर. आपल्या टोळ्यांचेही अगदी हेच आहे.

गडचिरोलीची शिकवण

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत गेले. परदेशात शिकून आलेले, हाती शास्त्र असलेले दांपत्य. त्यांनी पहिल्यांदा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा शोध घेतला. शोध चांगला झाला, आजार जिल्ह्यात आहे हे सिद्ध झाले. परंतु लोकांच्या जगण्यात त्याने फरक पडला नाही, कारण तो प्रश्न लोकांनी विचारलेलाच नव्हता. हे डॉक्टरांनीच पुढे मोकळेपणी सांगितले. तेव्हापासून त्यांनी रीत बदलली. आधी लोकांना विचारायचे आणि मग शोधाला लागायचे.

त्यातून दोन मोठी कामे झाली. पहिले वसा आणि अमिर्झा या दोन गावांचे. बायकांची दुखणी किती आणि कोणती, हे तोवर दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून ठरवले जाई. ज्या येतच नाहीत त्यांचे काय? राणीताईंनी गावातच तपासणी केली. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांना आपला समज बदलावा लागला. गावच्या बायकांनी विश्वासाने पुढे येऊन सांगितले नसते, तर हा आकडा कुठल्याही यंत्राला सापडला नसता.

दुसरे काम नवजात बाळांचे. मोठे दवाखाने दूर, बाळे घरीच जन्मत आणि घरीच दगावत. ३९ गावांत त्याच गावच्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची खूण ओळखून उपचार करणे आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे ही कामे त्या करीत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलेले दिसले. १९९९ साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत घरी जाऊन बाळ तपासण्याची पद्धत देशभर घेतली. आपल्या सुनेच्या बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा घेऊन घरी येते, त्याचे मूळ इथे आहे.

साखरेच्या मुलखातल्या दोन गोष्टी

आता आपल्याच धंद्यातली उदाहरणे घेऊ. पहिले परदेशचे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा देश आहे. तिथे चिचिगाल्पा गावच्या साखर कारखान्याकडे काम करणारे ऐन उमेदीतले ऊसतोडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. ना मधुमेह, ना रक्तदाब. कारखान्याला जागतिक बँकेच्या गटातल्या वित्तसंस्थेचे कर्ज होते, म्हणून २००८ साली माजी कामगारांनी त्या संस्थेच्या तक्रार-निवारण कार्यालयाकडे दाद मागितली. पुढे जे झाले ते फार शिकण्यासारखे आहे. कारखान्याने आपला डॉक्टर आणला असता तर कामगारांनी मानले नसते. कामगारांनी आणला असता तर कारखान्याने मानले नसते. म्हणून दोघांनी एका टेबलाशी बसून संशोधक निवडले, अमेरिकेच्या बोस्टन विद्यापीठाचे. काय तपासायचे यावरही दोन्ही बाजू बोलल्या. एकच कारण ठामपणे हाती लागले नाही. पण हंगामात ऊस तोडणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा वाढतात, आणि कडक उन्हातली अंगमेहनत नि अंगातले पाणी कमी पडणे यांवर मोठा संशय आहे, हे पुढे आले. त्यानंतर पाणी, विश्रांती आणि सावली यांची शिस्त त्या भागातल्या कारखान्यांनी लावायला घेतली.

दुसरे उदाहरण बीडचे, आणि ते आपण मान खाली घालून ऐकावे असे आहे. २०१९ साली बातमी फुटली की ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या जात आहेत. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! त्यांत कितीतरी चाळिशीच्याही आतल्या.

का काढल्या? डॉक्टरांचा लोभ हे एक कारण झाले. पण बायकांनी स्वतः जे सांगितले ते त्याच्याही मागे जाते. एका कोयत्यात नवरा-बायको दोघे धरलेले. एक दिवस बुडाला की खाडा पडतो, उचलीतून दंड कापला जातो. पाळीत आडोसा नाही, पाणी नाही, संडास नाही. पोटात दुखते म्हणून बसावे तर पैसे जातात. तेव्हा दुखणेच काढून टाका, असा सल्ला मिळतो आणि बाई तो मानते. ‘कोणता रोग आहे?’ एवढाच प्रश्न पाहणीत असता तर उत्तर गर्भपिशवीपाशीच थांबले असते. ‘तुझा दिवस कसा जातो?’ असे विचारले म्हणून खाड्यापर्यंत पोचता आले. आणि हा खाडा, सभासदहो, फडात पडतो. फड आपला आहे.

सही कुणाची?

संमतीबद्दल दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. २००९ साली खम्मम (तेव्हा आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात) आणि गुजरातेत वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्ममला वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांची सही नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची होती. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने कडक शब्दांत ठपका ठेवला. लस वाईट होती असे कुणी समजू नये. ती चांगली आहे आणि उपयोगाची आहे. वाईट होती ती सही. आणि एका वाईट सहीपायी चांगल्या लसीबद्दलही लोकांच्या मनात अढी बसली.

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच, की मुकादमाची सही म्हणजे टोळीतल्या बाईची संमती नव्हे. नवऱ्याची सहीसुद्धा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. माणसाला समजेल अशा भाषेत सांगावे, नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी, नाही म्हटले म्हणून त्याचे काही बिघडू देऊ नये, आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज एक सर्वसामान्य नागरिकही असावा. याच परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे. म्हणजे हे काही दिल्लीपुरते बोलणे नाही, आदिवासी तालुक्यापर्यंत पोचलेली गोष्ट आहे.

अडचणी आहेतच

हे सगळे ऐकायला गोड आणि करायला अवघड आहे, हेही कबूल केले पाहिजे. लोकांना विचारले की ते आधी रस्ता मागतात, पाणी मागतात. डॉक्टराला हवा तो रोग मागत नाहीत. गावची भागीदारी म्हणून पुढे बसतात ते बहुधा पुढारीच, आणि मागच्या रांगेतली बाई तोंड उघडत नाही. मजुराने सभेला यायचे तर त्याची मजुरी बुडते. ती कोण भरणार? गाव लहान असले की नाव न लिहिताही ‘ती कोण’ हे सगळ्यांना कळते, म्हणून गुपित राखण्याची काळजी जास्त घ्यावी लागते. शिवाय लोक म्हणतील ते सगळेच शास्त्राला धरून असते असेही नाही. दुखणे कुठे आहे हे लोक जाणतात, ते का आहे हे शोधायला तज्ज्ञच लागतो. माती आपण ओळखतो, पण तिच्यातला पालाश किती हे प्रयोगशाळाच सांगते. दोघांनी एकमेकांचे काम ओढून घेऊ नये.

पण अडचण आहे म्हणून काम सोडायचे तर सहकारही कधी उभा राहिला नसता.

आपल्या कारखान्यावर काय करता येईल?

गळीत हंगामात टोळ्यांसाठी आरोग्य शिबिरे होतात. डॉक्टर येतात, गोळ्या वाटतात, फोटो निघतो. हे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्यात भागीदारी आणायची असेल तर काय करावे, याबद्दल आमच्या सूचना अशा:

१. प्रत्येक अड्ड्यावरच्या बायकांनी आपल्यातल्या दोघी स्वतः निवडाव्यात. मुकादमाने किंवा चिटबॉयने नेमू नयेत. शिबिरात काय तपासायचे आणि काय विचारायचे, हे आधी या दोघींना विचारावे.

२. बायकांना बाईनेच विचारावे, त्यांच्या बोलीत विचारावे, आणि त्या वेळी मुकादम, गाडीमालक किंवा शेतमालक जवळ नसावा. होय, शेतमालकसुद्धा नसावा. आपल्यापुढेही ती खरे बोलणार नाही.

३. या कामी गेलेल्या वेळेचा खाडा धरू नये. अर्धा दिवस गेला तर तो भरलेला धरावा. त्यामुळे एखाद्याची तोड एक वेळ मागे सरकेल. तेवढे सभासदाने सोसावे.

४. टोळ्या परत जाण्यापूर्वी निकाल अड्ड्यावरच वाचून दाखवावा, कुणाचेही नाव न घेता. जिला काही निघाले असेल तिला तिच्या गावच्या आरोग्य केंद्रात दाखवायला कागद द्यावा, म्हणजे गावीही तिची नोंद राहील.

५. तोच निकाल वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा आणि त्यावरून निदान एक गोष्ट पुढच्या हंगामापूर्वी बदलावी. पाण्याची टाकी असो, आडोशाचा संडास असो की पाळीतल्या सुट्टीचा खाडा माफ करणे असो. कुणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही सभेतच लिहून ठेवावे.

हे झाले टोळ्यांचे. आपल्या स्वतःच्या घरी पाहणी आली तरी पाच प्रश्न विचारायला लाजू नये. हा प्रश्न कुणी ठरवला? यातून आम्हाला काय कळणार? रक्ताचा नमुना आणि कागद कुठे जाणार? नाही म्हटले तर चालेल का? आणि निकाल सांगायला तुम्ही परत केव्हा येणार? चांगला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो रागावेल त्याला फॉर्म भरून द्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

खर्चाची बाब विचाराल तर वरच्या पाच सूचनांत खर्च थोडा आणि मन मोठे लागणारे काम जास्त आहे. टोळीतल्या बाईने तोडलेल्या उसाच्या प्रत्येक मोळीचा भाव आपल्या खात्यावर जमा होतो. तिच्या दुखण्याचा हिशेब मात्र कुठल्याच खात्यावर धरलेला नाही. हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे घ्यावा, अशी लेखी सूचना पोटनियमांनुसार कुणीही सभासद मुदतीत देऊ शकतो. ती सूचना अनेक गावांतून यावी, आणि तीवर घरच्या बायकांच्याही सह्या असाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.